उपडी टाकी

चहाचा पहिला घोट धुरपताबाईनं गालात घोळवला आणि गिळायच्या आधीच उंबऱ्यावरून अंगणात थुंकला. कपात माशी नव्हती, दूध फाटलं नव्हतं, गोडही रोजच्याइतकाच होता. पण उठल्यापासून घरात काहीतरी कमी कमी वाटत होतं ते काय, हे तिला घोट तोंडात असतानाच उमगलं. स्टोव्हचा आवाज नव्हता. रोज सकाळी सून पंप मारायची, पिन घालायची, मग तो मुडदा फरफर करत पेटायचा आणि रॉकेलचा वास लुगड्याच्या पदरापर्यंत येऊन बसायचा. त्याला शिव्या घालतच धुरपताबाईचा दिवस सुरू व्हायचा. आज घर गप्प होतं. कप हातात तसाच धरून ती आत गेली. ओट्यावर नवी लोखंडी शेगडी, शेगडीला रबरी नळी, नळी खिडकीच्या गजातून बाहेर गेलेली, आणि शेगडीच्या तोंडाशी निळा जाळ. मुका जाळ. जाळानं कसं तडतडावं, धुरावं, डोळ्यांत पाणी आणावं. हा नुसता बघत होता.

"कशावर केलास गं चा?"

नीलानं पदर तोंडाशी नेला. "त्यांनीच म्हणलं, आत्याबाईला आदी पिऊ दे, मंग सांगू."

"पिऊ दे! जित्या सासूला गू पाजायलीस व्हय गं, सटवे?"

"गू कुठं आत्याबाई, गॅस हाय त्यो."

"गॅस हाय! कुठून आला मंग, सरगातून?"

कुठून आला ते तिला सुनेपेक्षा जास्त ठाऊक होतं. मागच्या अंगणात रामकिशननं, तिच्या लेकानं, विहिरीसारखा गोल खड्डा बांधून घेतला होता. खड्ड्यात शेणकाला, आणि त्या काल्यावर पत्र्याची मोठी टाकी उपडी घातलेली, तोंड खाली, जशी मोरीत घागर पालथी घालावी तशी. खाली काला कुजायचा, बुडबुडे सोडायचा, वारा टाकीत कोंडायचा, आणि त्या वाऱ्यानं टाकी हळूहळू वर उचलली जायची. संध्याकाळी खाली बसलेली टाकी सकाळी फुगून वर आलेली दिसली की धुरपताबाई तोंड फिरवायची. मेलेलं ढोर दुसऱ्या दिवशी असंच फुगतं. पाय वर करून, कातडं ताणून. लहानपणी बापामागं गावाबाहेर जाऊन तिनं तसली ढोरं बघितली होती, त्यांचा तो गोडसर, नाकात बसून राहणारा वास घेतला होता, आणि बापानं पोटाला सुरी लावली की आतला वारा सुस्स करून सुटायचा तो आवाजही. आजवर तो वारा गिऱ्हाइकांना दाखवायला शेडात जळायचा, आता तिच्या ओट्यावर जळत होता. आणि एवढंही पुरं नव्हतं. दुष्काळ पडला, माणसांनी ढोरं उदगीरच्या बाजारात मातीमोल घातली, लातूरच्या गवळ्यांकडंही शेण मिळेनासं झालं, तेव्हा लेकानं गुपचूप एक पाइप टाकून घरचा संडास त्या खड्ड्याला जोडला. घरच्यांचा, आणि शेडातल्या कामगारांचाही. तेव्हापासून धुरपताबाई संडासला बसली तरी तिला वाटायचं, आपण स्वैपाकघरात बसलोय.

रामकिशन आंघोळ करून ओल्या केसांनी आला. अंगणातला थुंकलेला चहा त्यानं बघितला, आणि न बघितल्यासारखं केलं. "माय, गॅस म्हणजे नुसता वारा असतो. घाण खालीच ऱ्हाती."

"वाराच बाधतो माणसाला. तुझ्या बापाला काय बाधलं? गिरणीतला वाराच."

तो पंच्यानं केस पुसायला लागला. बापाचं नाव निघालं की तो वाद सोडायचा, म्हणूनच ती काढायची. नांदेडच्या गिरणीत कापसाची फुसं छातीत भरून घेत व्यंकटराव खोकत खोकत गेला, तेव्हा रामकिशन तिथंच एका वर्कशॉपात वेल्डिंग शिकत होता. मग लातूर जिल्हा झाला. नवी कचेरी, नव्या पाट्या, नवे साहेब, जीपच्या मागं उडणारा नवा फुफाटा. सरकारनं घरोघरी गोबरगॅस लावायचं मनावर घेतलं आणि टाक्या लांबून ट्रकनं यायला लागल्या, येतानाच चेपलेल्या, कडांना गळणाऱ्या. रामकिशन म्हणाला, "माय, पत्रा बाहीरून यीना का, घाम तरी हितला लागंल." नांदेडचं घर मोडून ती लातुराबाहेर, ह्या रस्त्याकडेच्या माळावर आली. पुढं पत्र्याचं शेड, मागं राहतं घर. शेडाला पैसा घातला तो तिच्या पाटल्यांचा, म्हणून शेडाची मालकीण तीच. पाटी रंगवणाऱ्यानं तिचं नाव घातलं तेव्हा तिनं बोटानं एकेक अक्षर चाचपून बघितलं होतं. रात्रीच्या शाळेत तेवढीच अक्षरं ती शिकली होती, स्वतःच्या नावाची. पाटीवर तिचं नाव आणि खाली टाकीचं चित्र. आपलं नाव शेणाच्या टाकीवर बसवून दिलं लेकानं, असं तिला तेव्हाही वाटलं होतं. पण शेडात दिवसभर घणाचे ठोके पडायचे, ठिणग्या उडायच्या, आणि कामावर आलेली पोरं जेवायला बसली की म्हणायची, अम्मा, चटणी हाय का? अम्मा म्हणणारा नरसिंग. देगलूरकडचा वेल्डर, अर्धा तेलुगू. त्याच्या हातचा सांधा म्हणजे जणू पत्र्याला पत्रा जन्मतःच जोडलेला.

ते ठोके आता बंद होते. ज्यांची ढोरं गेली ते कशाला गॅस लावतील? तयार टाक्या शेडाबाहेर पालथ्या पडून तापत होत्या. काल नरसिंग डोकं खाजवत म्हणाला होता, "अम्मा, ह्या महिन्यात काम नाही आलं तर मी निघतो. ऊसतोडीला." सोन्यासारखा हात कोयत्याला जाणार. म्हणून आजचा दिवस. चाकूर तालुक्यातलं एक अख्खं गाव गोबरगॅस लावायचं म्हणत होतं. त्या गावची माणसं आज येणार होती, चालू गॅस डोळ्यांनी बघायला. त्यांनी टाक्या सांगितल्या तर शेड तरणार होतं, नाही तर कुलूप. रामकिशनच्या मनात होतं, मायनं त्यांच्या समोर ह्या जाळावर भाकर थापावी. पोरगेल्या सुनेनं केली तर कुणी मानणार नाही. म्हाताऱ्या बाईनं केली की गावातल्या बाया विश्वास ठेवतील.

"मी त्या जाळाला हात लावायची न्हाई," धुरपताबाई म्हणाली. "शेड जाऊ दे, न्हाई तर ऱ्हाऊ दे."

आणि ते गाव कोणतं, हे तिनं विचारलं नव्हतं. आता नीलानं सांगितलं. कणगीतलं पीठ काढता काढता, सहज. धुरपताबाई पाटावर बसली. तिच्या सासरचंच गाव. म्हणजे येणार तो अण्णाराव, वाड्याचा धनी.

ओट्यावरचा जाळ बघत ती बसून राहिली आणि तिला अण्णारावाचा गोठा दिसायला लागला. नव्या नवरीच्या हातानं ती तिथलं शेण भरायची. उघड्या तळहातानं, बोटं फाकून, खालून कवळा घालून. ऊन शेण हाताला जितं लागायचं, गार झालं की घसरायचं. पावसाळ्यात त्यात किडे. हात कितीही राखेनं घासले तरी जेवताना घासासोबत वास तोंडात यायचा, म्हणून ती नाक दाबून जेवायची, आणि नवरा हसायचा. तहान लागली की वाड्याच्या जोत्याखाली ओंजळ धरून उभं राहायचं. अण्णारावाची आई वरून पाणी सोडायची, भांडं हातभर लांब धरून. ओंजळीत कमी, कोपरावरून जास्त जायचं. ते कोपरावरून लुगड्यात गेलेलं पाणी धुरपताबाईला अजून अंगावर गार लागे. आणि एक साल. तेही दुष्काळाचंच. खळ्यावर मळणीला फिरणारे बैल कणसं खातात. त्यांच्या शेणात अख्खी ज्वारी पडते. सासूनं तिला पाटी देऊन पाठवलं. तिनं ते शेण ओढ्याच्या डबक्यात नेऊन धुतलं, पुन्हा धुतलं, वर तरंगलेलं भुसकट सोडून दिलं, खाली राहिले ते दाणे वाळवले, दळले. भाकर झाली. पांढरी, चांगली फुगली. सगळ्यांनी खाल्ली. तिनंही खाल्ली. भाकरीला कसलाच वास नव्हता. हेच तिला आजवर विसरता आलं नव्हतं. वास आला असता तर ओकून मोकळी झाली असती. वास नव्हता, भूक होती, आणि भाकर गोड लागली होती. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, लेकाला सांगितलं नाही. नागपूरला दीक्षा झाली, महारवाड्यानं ढोरं ओढणं टाकलं, पाटी टाकली. तेव्हा तिनं शेणाची पाटी ओढ्यात भिरकावून दिली आणि मनाशी म्हटलं, आता मरेपर्यंत शेणाला हात लावीन तर बापाची नाही. जमीन सारवायचीसुद्धा टाकली. नांदेडात फरशी धुवायची, ताठ मानेनं. आणि तिच्या पोटचा पोरगा आज तिला त्याच शेणावरची भाकर थापायला सांगत होता, त्याच माणसासमोर.

दुपारी फटफटी आणि जीप येऊन थांबली. ती खिडकीआडून बघत होती. अण्णाराव म्हातारा झाला होता. धोतर तसंच पांढरं, पण टाचा फुटलेल्या, गाल आत गेलेले, आणि ओठ. ओठांवर पांढरी साय. बरोबर गावातली चार-दोन टोपीवाली माणसं. रामकिशन पुढं धावला. त्यानं खुर्ची आणली, ती पंच्यानं पुसली आणि म्हणाला, "या मालक, बसा."

मालक! धुरपताबाईच्या कानशिलात कुणी तापली सळई घातल्यासारखं झालं. लेकाला कधी शिकवलं नव्हतं तिनं, असं म्हणायला. ह्याला गाव दाखवलंच नव्हतं. मग जिभेवर कुठून आलं हे? दुधातून गेलं असणार. आपल्याच दुधातून. तिला चहापेक्षाही जास्त किळस आली, लेकाची, खुर्ची पुसणाऱ्या त्या पंच्याची. आणि त्याच किळसेतून एक विचार वर आला, काल्यातून बुडबुडा यावा तसा, आणि फुटला, आणि तिला हसूच आलं. का थापू नये? खाऊ दे की अण्णारावाला. आपल्या संडासाच्या वाऱ्यावर भाजलेली भाकर ह्याच्या हातात ठेवू. फू फू करून खाईल. खाऊन झाल्यावर सांगू.

"नीला, परात आण."

"आत्याबाई, तुमी?"

"आण म्हणलं ना, तोंड काय बघायलीस."

तिनं पदर खोचला, पीठ मळलं, भाकर थापली. हातावर थप थप थप, गोल फिरत, जशी ती आयुष्यभर थापत आली. निळ्या जाळावर तवा टाकला. माणसं दारात येऊन उभी राहिली. रामकिशनचा चेहरा असा फुलला की तिला तो बघवेना. भाकर टच्च फुगली. एक माणूस म्हणाला, "आयला, धूर कसा न्हाई," आणि दुसरा म्हणाला, "सुनबाईचे डोळे तरी वाचतील." धुरपताबाईनं भाकर ताटलीत घातली, वर ठेचा ठेवला आणि उठून अण्णारावासमोर धरली.

"घ्या. गरम हाय तवर."

त्यानं तिच्याकडं बघितलं. ओळखायला त्याला जरा वेळ लागला. "धुरपता... धुरपताबाई न्हवं का? लई दिवसांनी. बरं चाललंय की पोराचं." बाई लावलं त्यानं, पहिल्यांदा. मग हात जोडल्यासारखे केले. "पर आज माझा सोमवार हाय."

तिला हसू आवरलं नाही. हा सोमवार तिला चांगला ओळखीचा होता. नांदेडात चाळीतल्या बायांचा तो गुरुवार असायचा, कुणाचा शनिवार, कुणाची चतुर्थी. तिच्या घरात पाय ठेवला की लोकांना देव आठवायचा. बाकीच्यांनीही मग आपापला सोमवार काढला. ताटली तिच्या हातात राहिली. अण्णाराव एव्हाना उठून बाहेर गेला होता. त्याचं जाळाकडं लक्षच नव्हतं, आल्यापासून नव्हतं, हे तिला आत्ता दिसलं. शेडापुढं टाक्या पडल्या होत्या, एकीला बोटांनी टकटक करत तो विचारत होता, "ह्यात पाणी किती मावंल?"

"पाणी?" रामकिशन म्हणाला. "मालक, ह्यात गॅस भरतो. ही उपडी घालायची असती."

"ते झालं रे. तोंड वर केलं तर?"

मग तो हळू आवाजात बोलू लागला, आणि ती ताटली घेऊन दारातच ऐकत राहिली. गावात विहिरीच्या तळाचं दगडी कासव उघडं पडलं होतं. टँकर यायचा, पण ओतायचं कशात? घागरी-हंडे भरेस्तोवर टँकरवाला निघून जायचा. अशा टाक्या असल्या तर वाड्यावाड्यापुढं एकेक ठेवता येईल. "गॅसचं काय करायलाव आमी? ढोरंच न्हाईत. पर कागदावर गॅसच ऱ्हाऊ दे. सरकार सूट देतंय त्याला. तू गॅसच्या म्हून दे, आमी पाण्याला लावतो. तुजं शेड चालंल, आमचं गाव जगंल."

रामकिशननं मान खाली घातली. शेडात नरसिंग उभा होता, सगळं ऐकत. धुरपताबाईला लेकाचं मन टाकीसारखं आरपार ठोकून बघता आलं. तो हो म्हणणार होता. त्याला धुराशिवायची घरं दिसत होती, जिल्हाभर निळे जाळ दिसत होते, आणि आता त्याला नुसता नरसिंगचा कोयता दिसत होता.

"रामकिशन." ताटली उंबऱ्यावर ठेवून ती बाहेर आली. "कागदावर गॅस आन घरात पाणी, असलं ह्या शेडात व्हायाचं न्हाई. पाटीवर नाव माजं हाय. उद्या सायेब बघायला आला की हेच मालक म्हणतील, टाकीवाल्यानंच शिकवलं. मंग बेड्या कुणाला? ह्यांना? ह्यांना कवा पडल्या?"

"धुरपताबाई, उगं कशाला..."

"पाण्याच्या पायजेत तर पाण्याच्या म्हून न्या. उजळ माथ्यानं. सूट मागायला सरकारकडं तुमी जावा, पाण्याच्या नावानं जावा. न्हाई तर तिकडं टँकरखाली ओंजळी धरून उभं ऱ्हावा. बघा कसं वाटतंय ते."

अण्णारावानं जिभेनं ओठ ओले केले. जीभही कोरडीच होती. मग म्हणाला, "बरं. पाण्याच्याच म्हून. पर गळता कामा न्हाई. दाखव."

गळती बघायची शेडाची रीत अशी होती, की तयार टाकी तोंड वर करून काठोकाठ भरायची आणि सांध्यावरून कोरडं बोट फिरवायचं. तेच बोअरचं पाणी मग दुसऱ्या टाकीत, तिसऱ्या टाकीत. दुष्काळात ते वाया घालवणार कोण? एक टाकी भरलेली उभीच होती. अण्णारावानं सांध्यावरून बोट फिरवलं. कोरडं. टाकीत वाकून बघितलं, आणि पाण्यात त्याचं थकलेलं तोंड हललं. धुरपताबाईच्या हातांना अजून पीठ होतं. तिनं बाही मागं सारली आणि हात टाकीत घातला, कोपरापर्यंत. पीठ सुटलं, पाणी ढगाळलं. तिनं ओंजळ भरून घेतली आणि प्यायली, सावकाश, कोपरावरून सांडू न देता. लोखंडाची चव होती.

"गळत न्हाई," ती म्हणाली. "गोड हाय पाणी. प्या की. सोमवाराला पाणी चालतंय न्हवं?"

मागं कुणीतरी खाकरलं. रामकिशन पुटपुटला, "माय..." नरसिंग दुसरीकडं बघू लागला. अण्णारावानं आधी आपल्या माणसांकडं बघितलं, मग तिच्या हाताकडं, मग पाण्याकडं. पाण्याकडं जास्त वेळ. आणि मग तो वाकला. प्यायला. एकदा प्यायला, पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा प्यायला. गळ्याची घाटी वरखाली होत होती, पाणी हनुवटीवरून सदऱ्यात चाललं होतं आणि त्याचं त्याला भान नव्हतं. धुरपताबाईनं ह्या क्षणाची वाट किती पाहिली असेल, तिलाच ठाऊक. आता तो आला होता. एवढंच लागत होतं तर. नुसती तहान. एवढ्यासाठी जन्म गेला आपला जोत्याखाली. तिला त्याच्या घाटीची किळस आली, आपल्या हाताची आली, आपण बघत उभं राहिलो ह्याची आली.

ते गेले, टाक्या सांगून गेले, पाण्याच्या म्हणून. शेडात घणाचे ठोके पुन्हा सुरू झाले. नरसिंग तोंडातल्या तोंडात तेलुगू गाणं म्हणत होता. रामकिशन मात्र मागच्या अंगणात खड्ड्यापाशी जाऊन बसला होता. स्वैपाकघरात चावी बंद करायची राहून गेली होती. रिकाम्या शेगडीवर जाळ जळत राहिला आणि आपोआप विझला. टाकी पार खाली बसली होती. नीला म्हणाली, "आत्याबाई, गॅस संपला. आन शेण बी न्हाई आता."

ताटलीतली ती भाकर वाळून कडक झाली होती. धुरपताबाईनं तुकडा मोडला आणि चघळत चघळत लेकापाशी गेली. तो मान वर करीना.

"तोंड काय पाडून बसलास? पाऊस पडू दे एकदा. ढोरं येतील. मंग ह्याच टाक्या पुन्यांदा उपड्या घालायला तुलाच बोलावतील. शेण झालं की..."

ती बोलता बोलता थांबली. शेण झालं की. आपण शेणाची वाट बघून राहिलो, हे तिला स्वतःच्याच तोंडून ऐकू आलं. पाटी ओढ्यात फेकणारी, सारवणसुद्धा टाकलेली ती, माळाकडं तोंड करून ढोरांना या म्हणत होती. तोंडातला घास तिला एकदम जड झाला. ती उंबऱ्यापर्यंत गेली, अंगणाकडं वाकली. घास गालात घोळवला, ह्या गालातून त्या गालात, वास शोधत. वास नव्हता. आताही नव्हता. ज्वारीचीच चव होती, जरा करपट. किळस होती ती होतीच. तिनं घास गिळला आणि दुसरा मोडला.